युरोपात नव्याने आलात? आधी वाक्यातला कर्ता शोधा

नेदरलँड्समधलं माझं पहिलं वर्ष होतं. एका कार्यालयात माझा पत्ता चुकीचा नोंदला गेला होता आणि माझी पत्रं भलत्याच घरी जात होती. म्हणून मी काउंटरवर जाऊन विचारलं, माझ्याबद्दल तुमच्याकडे जी काही माहिती आहे तिची प्रत मिळेल का? काचेपलीकडच्या बाईंनी माझं निवासाचं कार्ड हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे युरोपीय नागरिकांसाठी आहे." मी त्यांचे आभार मानून बाहेर पडले. दीड वर्षानं युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा स्वतः वाचायला घेतला, तेव्हा दिसलं की त्या कलमात 'नागरिक' हा शब्दच नाही. ज्या कुणाची माहिती साठवली आहे त्या व्यक्तीला ती मागता येते, आणि एरवी महिन्याभरात द्यावी लागते. मी पहिल्या दिवसापासून त्या वाक्यात होते. मलाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून नवी मंडळी आली की मी त्यांना एकच सवय लावायला सांगते. शाळेत बाई फळ्यावर 'राम आंबा खातो' लिहून विचारायच्या ना, कर्ता कोण? इथल्या प्रत्येक हक्काच्या वाक्याला तोच प्रश्न विचारा. 'प्रत्येक व्यक्ती', 'प्रत्येक कामगार', 'इथे राहणारा' आणि '(युरोपीय) संघाचा नागरिक' हे चार वेगवेगळे कर्ते आहेत. पहिल्या तिघांत तुम्ही आजच आहात. चौथ्यासाठी मात्र वर्षं मोजावी लागतात.

पायरी १ : आपल्याकडची उतरंड इथे उलटी आहे

आपल्याकडे साताऱ्यात जन्मलेला माणूस थेट भारताचा नागरिक असतो. 'महाराष्ट्राचं नागरिकत्व' असं काही नसतं, फार तर तहसील कचेरीतून अधिवासाचा दाखला मिळतो. युरोपीय संघात क्रम नेमका उलट आहे. आधी जर्मन, आयरिश, डच असं कुठल्यातरी एका देशाचं नागरिकत्व, आणि ते असलं की त्याच्यावर आपोआप संघाचं. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने हे नागरिकत्व निर्माण केलं आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून ते अमलात आलं. करारात स्पष्ट लिहिलं आहे की ते देशाच्या नागरिकत्वाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. त्यामुळे 'युरोपीय संघाचं नागरिकत्व द्या' असा अर्ज ब्रसेल्सला करता येत नाही, तसा फॉर्मच नाही. दार २७ देशांपैकी एकाचंच उघडायचं असतं.

इथेच नावांचा एक गुंता सोडवून टाकते, कारण नवीन माणूस हमखास यात अडकतो. कौन्सिल ऑफ युरोप ही संघाची संस्था नाही. ती १९४९ साली स्थापन झालेली, ४६ देशांची वेगळी संघटना आहे आणि तिचं ठाणं स्ट्रासबर्गला आहे. मानवी हक्कांचा युरोपीय करार तिचा, मानवी हक्क न्यायालयही तिचंच. युरोपियन कौन्सिल म्हणजे संघातल्या देशांच्या प्रमुखांची बैठक. आणि संघाचं स्वतःचं न्यायालय आहे लक्झेंबर्गला. भर म्हणून निळ्या कापडावरचे बारा सोनेरी तारे दोघांचेही आहेत. झेंडा मूळचा १९५५ चा, कौन्सिल ऑफ युरोपचा. संघाने तो तीस वर्षांनी घेतला. त्यामुळे पत्रावर तारे दिसले म्हणून ते कुणाकडून आलं हे कळत नाही, खालचं नाव वाचावं लागतं.

पायरी २ : एक कलम समोर ठेवून बसा

संघाची मूलभूत हक्कांची सनद ५४ कलमांची आहे. एका संध्याकाळी चहा घेऊन बसलात तर वाचून होते. ती २००० साली जाहीर झाली आणि १ डिसेंबर २००९ पासून तिला कायद्याचं बळ आलं. मी सगळ्यांना आधी १५ वं कलम उघडायला लावते. कामाचा हक्क एवढासाच विषय आहे, पण तीन परिच्छेदांत कर्ता तीनदा बदलतो. पहिला परिच्छेद म्हणतो, काम करण्याचा आणि आपण निवडलेला व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरा म्हणतो, कुठल्याही सदस्य देशात जाऊन नोकरी शोधण्याची मोकळीक संघाच्या प्रत्येक नागरिकाला आहे. तिसरा म्हणतो, बाहेरच्या देशांच्या ज्या नागरिकांना इथे काम करायची परवानगी आहे, त्यांना संघाच्या नागरिकांसारख्याच कामाच्या अटी मिळाल्या पाहिजेत.

तिसरा परिच्छेद तुमचा. तुमच्या शेजारच्या टेबलावरचा पोर्तुगीज सहकारी उद्या उठून व्हिएन्नाला नोकरी शोधायला जाऊ शकतो, तुम्हाला तसं जाता येत नाही. पण दोघंही इथे, याच टेबलावर असताना त्याला मिळणारी सुट्टी आणि तुम्हाला मिळणारी सुट्टी यांत फरक करता येत नाही. ३१ व्या कलमात तर कर्ता सरळ 'प्रत्येक कामगार' आहे: तासांची मर्यादा, विश्रांती, पगारी रजा. भारतातून पाठवलेल्या मुलांना त्यांचे मॅनेजर 'तुमचं वेगळं आहे' असं ऐकवतात, तेव्हा हे कलम आठवावं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ही सनद संघाच्या संस्थांना बांधते, आणि देशांना फक्त संघाचा कायदा राबवताना. बाकीच्या बाबतीत देशाची राज्यघटना आणि स्ट्रासबर्गचा १९५० चा मानवी हक्कांचा करार कामाला येतो. त्या कराराचं पहिलंच कलम सांगतं की सही करणाऱ्या देशाने आपल्या अधिकारक्षेत्रातल्या 'प्रत्येकाला' हे हक्क द्यायचे. नागरिक असण्याची अट नाही.

असं का लिहिलं असेल, हे समजायला मला ग्रंथालयात जावं लागलं नाही. आमच्या रस्त्यावर, सायकल लावायच्या जागेजवळ, फरसबंदीत दहा सेंटिमीटरच्या चौकोनी पितळी पाट्या बसवलेल्या आहेत. पहिले काही महिने मी त्यांवरून चालत गेले. मग एकदा पाऊस पडून गेल्यावर त्या चमकल्या आणि मी वाकून वाचलं: 'हिर वोन्दे', इथे राहत होता. खाली नाव, जन्मसाल, अटकेची तारीख आणि छळछावणीचं नाव. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधून एक लाखाहून जास्त ज्यू माणसं नेऊन मारली गेली. त्यातली जी जर्मनीतून आश्रयाला आली होती, त्यांचं नागरिकत्व नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने एका फतव्याने काढून घेतलं. डायरी लिहिणारी ॲन फ्रँक ही अशीच जर्मनीतून ॲमस्टरडॅमला आलेली मुलगी. मेली तेव्हा ती कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. आधी नागरिकत्व काढलं, म्हणजे 'नागरिकांच्या' कुठल्याच हक्कात ती बसेना. युद्धानंतर करार लिहायला बसलेल्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. 'प्रत्येक व्यक्ती' हा कर्ता त्यातून आला आहे. तो शब्द वापरायला आपण संकोचतो, हे मला फार लागतं.

दर वर्षी ४ मे रोजी रात्री आठ वाजता, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी, इथे दोन मिनिटं सगळं थांबतं. त्या वेळी तुम्ही घराबाहेर असाल तर तुम्हीही थांबा. 'तुम्ही आमच्यात मिसळता का' या प्रश्नाला भाषेच्या परीक्षेशिवायही उत्तरं असतात, त्यातलं हे एक.

पायरी ३ : आजपासून जे तुमचं आहे ते वापरा

११२ हा तातडीचा नंबर संघभर चालतो, तेवढं घरातल्या लहान मुलांनाही शिकवून ठेवा.

पोलिसांनी संशयित म्हणून बोलावलं तर, संघाचा २०१० चा कायदा सांगतो, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत दुभाषा फुकट मिळायला हवा (डेन्मार्क तेवढा या कायद्याबाहेर आहे). तुमचं कामापुरतं इंग्रजी चांगलं असेल, पण घाबरलेल्या माणसाचं इंग्रजी आधी पळून जातं. मराठी दुभाषा मागायला लाजू नका. समजलं नाही अशा कागदावर सही करू नका.

घर शोधताना किंवा नोकरीत वंशावरून, वर्णावरून डावललं गेलं तर २००० सालचा वांशिक समानतेचा संघ-कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. नोकरी, शिक्षण, घर, दुकान, सेवा सगळं त्यात येतं. यातली मेख अशी की तो 'वंश' धरतो, 'राष्ट्रीयत्व' धरत नाही. 'आम्ही भारतीय पासपोर्टवाल्यांना घर देत नाही' हे वाक्य त्यातून निसटू शकतं. पण देशाचा कायदा कधी कधी पुढे गेलेला असतो. नेदरलँड्सच्या कायद्यात राष्ट्रीयत्वही आहे, आणि इथल्या मानवी हक्क मंडळाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. मंडळाचा निर्णय बंधनकारक नसतो, तरी घरमालकाला त्यांचं पत्र गेलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. असा मेसेज आला तर डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट ठेवा.

युरोपीय संसदेकडे अर्ज करण्याचा हक्क आणि संघाच्या लोकपालाकडे तक्रार करण्याचा हक्क 'संघाचा नागरिक किंवा सदस्य देशात राहणारी कोणतीही व्यक्ती' यांना आहे. कर्ता पाहिलात? संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कुठल्याही भाषेत लिहा, उत्तर त्याच भाषेत यायला हवं. दहा लाख सह्यांचा नागरिक-पुढाकार मात्र फक्त नागरिकांचा. तिथे तुमची सही धरत नाहीत.

आणि मतदान. इथे बहुतेकजण न विचारताच 'आपल्याला नाही' असं धरून चालतात. संसदेच्या निवडणुकीत नाहीच. पण स्थानिक निवडणुकीचं प्रत्येक देशाचं वेगळं आहे. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतच नाही, तिथे राहत असलात आणि यादीत नाव असलं की पुरे. स्वीडनमध्ये तीन वर्षं राहून झाली की नगरपालिकेला मत देता येतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये पाच वर्षं. बेल्जियममध्ये त्यासाठी स्वतः नाव नोंदवावं लागतं. जर्मनीत मात्र बाहेरच्या देशाच्या नागरिकाला नगरपालिकेचंही मत नाही. मी पहिल्यांदा इथे मत दिलं तेव्हा ती लांबलचक मतपत्रिका उघडायला टेबल पुरेना. लाल पेन्सिलीने एक गोल भरायचा असतो. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्टच होता.

पायरी ४ : पाच वर्षांची वही

आल्या दिवसापासून एक साधी वही करा. कार्डची सुरुवात, कार्डची मुदत, देशाबाहेर गेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. विमानाची तिकिटं जपून ठेवा. पुढे सगळं यावर उभं राहणार आहे.

संघाचा 'दीर्घकाळ निवासी' असा एक दर्जा आहे, २००३ च्या कायद्याचा. सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य, स्थिर उत्पन्न आणि आरोग्य विमा लागतो, काही देशांत भाषेची परीक्षाही. त्या पाच वर्षांत सलग सहा महिने किंवा एकूण दहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर गणित बिघडतं. बाळंतपणाला माहेरी जाऊन सात महिने राहिलेल्या किती जणींचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं आहे! जाण्याआधी मोजा. ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित, कुशल नोकरदारांसाठीचं संघाचं निवासाचं कार्ड) असेल तर सवलत आहे: सलग बारा महिन्यांपर्यंत आणि एकूण अठरा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येतं, शिवाय ब्ल्यू कार्डवर वेगवेगळ्या देशांत काढलेली वर्षंही, अटी पाळून, जोडता येतात. आयर्लंड आणि डेन्मार्क या दोन्ही योजनांत नाहीत. तिथे त्यांचे स्वतःचे नियम.

आणखी एक. एक कार्ड संपून दुसरं सुरू होईपर्यंत एक दिवसही रिकामा जाऊ देऊ नका. नोकरी बदलताना हा खड्डा पडतो आणि चार वर्षांनी अर्ज करताना दिसतो. मुदत संपायच्या तीन महिने आधी मोबाइलमध्ये गजर लावा.

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याबद्दल गैरसमज फार आहेत. तुमचं निवासाचं कार्ड दुसऱ्या शेंगेन देशात फिरायला चालतं, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. तिथे राहायला किंवा नोकरी करायला चालत नाही. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत, तर नॉर्वे आणि स्वित्झर्लंड संघात नसून आहेत.

पायरी ५ : जोडीदार संघाचा नागरिक असेल तर

मग तुमच्यासाठी वेगळाच कायदा लागू होऊ शकतो, २००४ चा. अट अशी की तुमचा जोडीदार स्वतःच्या देशाबाहेर, दुसऱ्या सदस्य देशात राहत असला पाहिजे. म्हणजे इटालियन नवरा आणि नागपूरची बायको नेदरलँड्समध्ये राहात असतील तर ती या कायद्यात येते. डच नवऱ्याबरोबर नेदरलँड्समध्येच असेल तर तिला डच नियम. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं आहे. या कायद्याखाली व्हिसाला शुल्क नाही, कुटुंबीयाचं कार्ड पाच वर्षांचं, आणि पाच वर्षांनी कायमचं.

जोडीदार परदेशी काम करून मायदेशी परतला तर? त्याचं उत्तर एका भारतीय माणसाच्या खटल्यात मिळालं. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक, पत्नी ब्रिटिश. दोघं १९८३ ते १९८५ जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. पुढे त्यांचा राहण्याचा हक्क नाकारला गेला. ७ जुलै १९९२ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, दुसऱ्या देशात मिळाले असते निदान तेवढे तरी हक्क मायदेशीही मिळाले पाहिजेत. ब्रिटन संघातून ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, पण हा निकाल उरलेल्या २७ देशांत आजही कामाचा आहे.

पायरी ६ : पासपोर्ट बदलायचा का?

हे तुम्ही घरच्यांशी बोलूनच ठरवा. मी फक्त हिशेब मांडते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, आयर्लंडमध्ये ते आधीपासून चालतं. पण अडसर आपल्या बाजूचा आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार, आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. मग पासपोर्ट वकिलातीत जमा करून दाखला घ्यायचा आणि ओसीआय कार्डसाठी अर्ज करायचा. ओसीआयला लोक प्रेमाने 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात, पण तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती आहेत. भारतात मत नाही, निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारसाने आलेला सातबारा मात्र तुमचाच राहतो. गावाकडे फोन करून 'जमीन जाणार का' म्हणून रडलेल्या माणसाला मी हे समजावलं आहे.

गोव्याच्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व सिद्ध करण्याची वाट आहे. डिचोली-पेडण्याच्या कितीतरी घरांतून मुलं या वाटेने युरोपात आली, आणि पुढे ब्रिटनमध्ये स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावली. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला सहज जाऊन राहण्याची सोय गेली, पण संघातल्या देशांचं दार उघडंच आहे. धोका एवढाच की लिस्बनला नोंद झाली आणि खिशात भारतीय पासपोर्टही तसाच ठेवला, तर तो रद्द होऊ शकतो. 'आजोबा पोर्तुगीजच होते, मी नवीन काही घेतलं नाही' हा युक्तिवाद मनाला पटला तरी त्याच्या जोरावर विमानतळावर जाऊ नका. एजंटाला पैसे देण्याआधी वकिलाला विचारा, आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका.

मूल इथे जन्मलं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा. आधी हे तपासा की त्याला जन्मानेच इथलं नागरिकत्व मिळालं आहे का. आयर्लंडमध्ये किंवा जर्मनीत आईवडिलांचं वास्तव्य पुरेसं झालं असेल तर ते मिळतं, नेदरलँड्समध्ये नुसत्या जन्माने मिळत नाही.

पायरी ७ : हक्क नाकारला तर

नकार तोंडी असेल तर लेखी मागा. सुरुवात एवढ्यानेच करा: "मला हे लेखी द्याल का, कोणत्या कलमानुसार तेही?" माझ्या काउंटरवरच्या प्रसंगात मी हे विचारलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

कोणाकडे जायचं हे कळत नसेल तर संघाचा फुकट फोन आहे, ०० ८०० ६ ७ ८ ९ १० ११, संघातल्या कुठल्याही देशातून लागतो. तुम्ही संघाच्या नागरिकाचे कुटुंबीय असाल आणि दुसऱ्या देशाचं सरकारी कार्यालय अडवत असेल, तर सॉल्विट नावाची विनामूल्य सेवा दहा आठवड्यांत तोडगा काढायचा प्रयत्न करते. मात्र प्रकरण कोर्टात गेलं असेल तर ते हात लावत नाहीत. शिवाय सॉल्विटला लिहिल्याने देशातल्या अपिलाची मुदत थांबत नाही, म्हणून ते अपील वेळेत दाखल कराच.

स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय अगदी शेवटचं. देशातली सगळी न्यायालयं संपल्यावर, शेवटच्या निकालापासून चार महिन्यांच्या आत. पूर्वी सहा महिने होते, फेब्रुवारी २०२२ पासून चार झाले, आणि जुनी माहिती वाचून लोक अजून चुकतात. फी नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा ठरलेला फॉर्मच भरून, सही करून, पोस्टाने पाठवायचा. एक रकाना रिकामा राहिला तरी फॉर्म परत येऊ शकतो, आणि तोवर चार महिने चालूच असतात. त्यामुळे तारीख त्याच पाच वर्षांच्या वहीत, पहिल्या पानावर, लाल शाईने लिहा.